स्वरयंत्राच्या ऑपरेशननंतर आवाज परत आणताना काय काय सांभाळलं? अनुभव हवेत

झोका_अमळनेर

ताई-दादांनो, सध्या फार बोलायची मुभा नाही, म्हणून इथे लिहून विचारतेय.

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, वर पत्रे, भिंतीपलीकडे तिसरी-चौथीचे पाढे चालू. मुलं घरून अहिराणी घेऊन येतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, आधी त्यांच्या बोलीत आणि मग पुस्तकातल्या भाषेत. दिवाळीनंतर आवाज बसला तो बसलाच. ज्येष्ठमध झाला, खडीसाखर-मिरी झाली, मेडिकलवाल्याने दिलेली दोन-तीन औषधं झाली. शेवटी धुळ्याला नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं तर डाव्या व्होकल कॉर्डवर, म्हणजे स्वरतंतूवर, पॉलिप, छोटी मऊ गाठ. पूर्ण भूल देऊन तोंडातूनच काढला, बाहेरून कुठे टाका नाही. तपासणीला पाठवलेला तुकडा साधा निघाला, ती काळजी मिटली.

मौनाचे दिवस नीट पाळले. डॉक्टरांनी आता थोडं थोडं बोलायला सांगितलंय. पहिला शब्द मुलाचं नाव घेतलं, तर अर्धी हवा आणि अर्धी खरखर. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हापासून पोटात गोळा आहे. हा आवाज असाच राहणार का?

प्रत्येकजण वेगळं सांगतो. सासूबाई म्हणतात कुजबुजून बोल, त्याने काही होत नाही. नणंद म्हणते वाफेत निलगिरी टाक. शेजारच्या काकू हळद-मिठाच्या गुळण्या कर म्हणतात. तिखटाचं काय करायचं तेही कळत नाही, आमच्याकडे काळ्या मसाल्याशिवाय भाजी होत नाही. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. माहेरी झोक्यावरची गाणी मीच उचलते, बाकीच्या मागून म्हणतात. आईचा रोज निरोप येतो, गाणं नाही म्हणालीस तरी चालेल पण ये. आणि जूनच्या मध्यावर शाळा.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा. काय केलंत, काय टाळलंत, आणि आवाज पहिल्यासारखा झाला का?

---

पुकारा_चोपडा

ताई, मी चोपड्याचा. मार्केट यार्डात धान्याचा लिलाव पुकारतो. हरभरा, गहू, दादर ज्वारी, मका, जो हंगाम असेल तो. एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जायचं, भोवती व्यापारी, हमाल, मापाडी, मागे ट्रॅक्टर चालू, आणि सगळ्यांच्या वर आपला आवाज. दादरीचा ढीग उलगडला की जी धूळ उठते ती नाकातोंडात बसते. पॉलिप मलाही झाला होता, उजव्या बाजूला. काढून बराच काळ झाला. आज मी पुकारतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: खरखर आहे म्हणजे आवाज गेला असं समजू नका. माझाही पहिला शब्द असाच फाटका निघाला होता. आतली सूज उतरायला वेळ लागतो, आणि तो आठवड्यांत मोजायचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला ऑपरेशनआधी कुणी सांगितलं नव्हतं. गप्प बसण्याचे दिवस सोपे असतात. तेव्हा अख्खं घर तुमच्या बाजूला असतं. पाटी हातात असते, फोन दुसरे उचलतात, आलेल्या पाहुण्याला दारातच सांगितलं जातं. अवघड असतात त्यानंतरचे महिने. तुम्ही दोन वाक्यं बोललात की लोकांच्या लेखी तुम्ही बऱ्या झालात. मग शेजारी गप्पा मारायला बसतो, भाऊ फोनवर शेतीची वाटणी काढतो, दुकानदार तिसऱ्या खोलीतून ओ द्यायला लावतो. जखम तेव्हा भरतच असते. आवाजाची खरी राखण या काळात करावी लागते.

मौनाच्या दिवसांतलं एक सांगतो, कारण ते पुढेही कामाला आलं. माझी आई तेव्हा घरात होती. लिहिता-वाचता येत नाही आणि ऐकायलाही कमी. पाटीवर लिहून तिला उपयोग नाही, आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे एरवीही ओरडूनच. ती दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "काय झाय रे भाऊ, बोलत का नही?" तिला वाटायचं मी रुसलोय. बायकोने मार्ग काढला. आईचा हात माझ्या हातात द्यायचा. एकदा दाबला म्हणजे हो, दोनदा दाबला म्हणजे नाही, आणि तळहात तिच्या गालाला लावला म्हणजे काही काळजी नाही. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच जवळ येऊन हात पुढे करायची. बोलायला परवानगी मिळाल्यावरही मी आईशी हाताने बोलणं सोडलं नाही, कारण दिवसातलं सगळ्यात मोठ्याने बोलणं तिच्याशीच व्हायचं. तुमच्या घरात असं कोण आहे ते बघा. कमी ऐकू येणारं माणूस, दूरच्या खोलीतलं माणूस, झोपाळलेलं लेकरू. आवाज तिथे खर्च होतो.

मला जळगावला स्पीच थेरपिस्ट बाई मिळाल्या. त्यांनी जे करून घेतलं ते सांगतो, पण तुमच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय सुरू करू नका.

स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी. त्यात स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडेल इतकंच. ओठ स्ट्रॉभोवती बंद, गाल फुगवायचे नाहीत, खांदे सैल. आधी नुसती फुंक, बुडबुडे एकसारखे उठले पाहिजेत. मग त्याच फुंकेत हलकासा 'ऊ'. बुडबुडे अडखळले तर समजायचं की घसा जोर करतोय, थांबायचं. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बाईंनी कारण समजावलं होतं: तोंड पुढून अरुंद झालं की आतला हवेचा दाब मागे स्वरतंतूंकडे येतो, त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत, अलगद हलतात. ऐकायला साधं वाटतं, पण माझा आवाज जमला तो यातून. त्याच्याबरोबर ओठ फुरफुरवायचे, भुर्रर्र करत. नातीला ते इतकं आवडलं की ती वेळेवर पेला घेऊन यायची आणि शेजारी बसून तीही करायची.

मग 'म'. तोंड मिटून 'म्म्म', ओठांना आणि नाकाच्या हाडाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे. ते जमलं की 'म'चे शब्द. बाईंनी माझा धंदा विचारला आणि शब्द माझ्याच यार्डातले काढून दिले. मका, मूग, मठ, मण, माप. मी ओट्यावर बसून मका-मूग-मठ म्हणत असे आणि मला खरंच बाजार दिसायचा. तुम्ही मुलांची नावं घ्या. वर्गात 'म'ची पोरं असतीलच, मोहित, मनीषा, माधुरी, जी असतील ती.

बोलण्याचा हिशेब असा दिला होता: सुरुवातीला तासाला पाच मिनिटांच्या वर नाही, मग आठवड्या-आठवड्याने वाढवत जायचं. आवाज किती मोठा, तर हातभर अंतरावर बसलेल्याला ऐकू जाईल एवढा. त्याच्या पलीकडच्या माणसाने उठून जवळ यायचं.

आणि कूलर. ताई, आपल्याकडे उन्हाळा म्हणजे दिवसभर कूलर. ती घरघर चालू असली की माणूस नकळत आवाज चढवतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. मी बोलायच्या वेळी कूलर बंद करायचो, घाम आला तरी. टीव्हीचंही तेच. एसटीत, लग्नाच्या मांडवात, गिरणीत मी अजूनही तोंड उघडत नाही.

खाकरणं सोडा. ऑपरेशननंतर घशात काहीतरी अडकल्यासारखं सतत वाटतं, आणि हात जातो तो खाकरण्याकडे. त्या वेळी स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात. घोटभर पाणी, नाहीतर नुसती लाळ गिळायची. मी तांब्या उशाशी आणि बाटली खिशात ठेवायचो. सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला लागला.

पहिल्यासारखा झाला का, विचारलंत. बोलण्याचा आवाज पहिल्यापेक्षा चांगला झाला, कारण गाठच नाही. वरची पट्टी जरा उशिरा आली. यार्डात मी आता पट्ट्याला बांधायचा स्पीकर लावतो, कानावरून येणारा माइक. पहिल्या दिवशी व्यापारी वळून वळून बघत होते. आता दुसऱ्या एका पुकारणाऱ्यानेही घेतलाय.

---

ईएनटी_धुळे

ताई, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. तुमच्या सर्जननी सूक्ष्मदर्शकाखाली आत पाहिलंय, त्यामुळे त्यांचा शब्द पहिला. मी लिहितोय ते सर्वसाधारण.

बाईच्या स्वरतंतूची लांबी जेमतेम एक ते दीड सेंटीमीटर. साधं बोलताना ते सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकांना भिडतात, पुरुषात साधारण 100 ते 130 वेळा. तासभराच्या वर्गात तुम्ही प्रत्यक्ष आवाज काढता तो वेळ पाव तास धरला, तरी भिडण्याचा आकडा लाखाच्या पुढे जातो. पॉलिप बहुतेक वेळा याच घर्षणातून होतो, आणि ऑपरेशननंतरची जखमही त्याच जागी असते. वरचं पातळ आवरण काही दिवसांत धरतं. त्याच्याखाली जेलीसारखा मऊ थर असतो, आवाजाची सगळी लवचीकता त्याच्यात असते. तो पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. तिथे व्रण कडक झाला तर आवाजात कायमची खरखर राहू शकते. म्हणून एवढं जपायला सांगतो.

मौन किती दिवस, यावर सर्जनांचं एकमत नाही. कुणी तीन दिवस सांगतात, कुणी सात, गाठ मोठी असेल तर त्याहून जास्त. 2017 साली जपानमधल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास छापला. त्यात तीन दिवस मौन आणि मग थेरपी घेतलेल्यांचे स्वरतंतू सात दिवस मौन पाळलेल्यांपेक्षा चांगले भरलेले दिसले. याचा अर्थ तुम्ही जास्त दिवस गप्प राहिलात तर बिघडलं असा नाही. पण दोन-तीन आठवडे भीतीने तोंडच उघडायचं नाही, हेही करू नये. ठरावीक काळानंतर हलका, नीट काढलेला आवाज त्या थराला सरळ भरायला मदत करतो.

कुजबुजण्याबद्दल. सासूबाईंना सांगा, ते साधं बोलण्यापेक्षा सोपं नसतं. 2006 साली छापलेल्या एका अमेरिकन पाहणीत 100 रुग्णांना दुर्बीण घालून कुजबुजायला लावलं, तर 69 जणांच्या स्वरयंत्राचा वरचा भाग जास्तच आवळला गेला. सगळ्यांचं तसं होत नाही, पण तुमचं कोणत्या गटात बसतं ते दुर्बिणीशिवाय कळणार नाही. तेव्हा एक तर गप्प, नाहीतर हलक्या पण खऱ्या आवाजात.

वाफ साध्या पाण्याची घ्या. निलगिरी, बाम, ओवा काही नको, त्याने आतलं आवरण चुरचुरतं आणि कोरडं पडतं. भांडं स्थिर जागी ठेवा, लहान मूल जवळ नको. उकळतं पाणी सांडून भाजलेली पोरं आम्ही दर हिवाळ्यात बघतो. गुळण्या घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतात, स्वरतंतूपर्यंत नाही. कोमट पाण्याच्या केल्या तर नुकसान नाही, पण घसा गुरगुरवताना आवाज काढू नका. पिण्याचं पाणीही थेट स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. शरीरात पाणी पुरेसं असलं की स्वरतंतूंवरचा ओलावा पातळ राहतो, इतकाच त्याचा संबंध. लघवी फिकट राहील इतकं प्या. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा त्याला फार महत्त्व आहे. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती प्यायचं ते आधी विचारून घ्या.

तिखट टाळायचं ते जखमेला झोंबतं म्हणून नाही. पोटातलं आम्ल झोपेत वर येतं आणि स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लागतं. अनेकांना छातीत जळजळ होतच नाही, फक्त सकाळी आवाज जड आणि घशात गोळा. शेवभाजी, तळण, रात्रीचा चहा काही आठवडे बाजूला ठेवा. खिचडी, गिलक्याची भाजी, दूध-भात खा. जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला. उशा वाढवून तो परिणाम मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात उशिरा जेवून लगेच गच्चीवर अंथरूण टाकतात, ते टाळा.

जीभ बधिर वाटणं, चव बदलणं, जबडा दुखणं हे ऑपरेशनच्या वेळच्या नळीच्या दाबाने होतं, बहुतेकांचं आपोआप जातं. पण श्वास घ्यायला त्रास, थुंकीतून ताजं रक्त, ताप, गिळता न येणं किंवा सुधारत आलेला आवाज एकदम जाणं, यांतलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. घरात बिडी-तंबाखू असेल तर तुमच्या खोलीत धूर येता कामा नये. चुलीचाही.

पुकाराभाऊंनी स्ट्रॉचं सांगितलं ते बरोबर आहे. स्पीच थेरपिस्ट गाठाच. तालुक्याला नसतील, तर धुळे-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ईएनटी ओपीडीत चौकशी करा. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, बोलणं आणि ऐकणं या विषयांचं शिक्षण देणारी, केंद्र सरकारची. आता व्हिडिओ कॉलवरही थेरपी घेता येते.

---

शहाद्याची_लेक

माझं ऑपरेशन थायरॉईडचं होतं, गळ्यावर बाहेरून टाके. शुद्धीवर आले तर आवाज नुसता वारा. पाणी प्यायलं की ठसका. घरच्यांनी मलाही महिनाभर गप्प बसवायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या स्वरतंतूंवर जखम नाहीच, त्यांच्याकडे जाणारी नस ऑपरेशनमध्ये ताणली गेलीय, आणि एक बाजू हलत नाहीये. मला गप्प बसून फायदा नव्हता. थेरपी लवकर सुरू केली. हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घ्यायला शिकवलं, त्याने ठसका कमी झाला.

मी भजनी मंडळात गाते. कानबाईचे रोट, आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण, होते तेव्हा मी मागे बसून फक्त टाळ धरला, आणि रडू आवरत नव्हतं. आवाज हळूहळू भरला. आता बोलताना कुणाला कळत नाही, पण वरच्या सुरात अजून तुटतो. कुणाचं थायरॉईडचं ऑपरेशन असेल तर ऑपरेशनच्या आधीच स्वरतंतू तपासून घ्या, म्हणजे नंतर तुलना करता येते. मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

ईएनटी_धुळे

शहाद्याच्या ताई, मोलाचं सांगितलंत. थायरॉईडच्या मागून जाणारी ती नस ताणली गेली असेल तर सुधारायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. तोवर नाही सुधारली तर हलत नसलेल्या स्वरतंतूला इंजेक्शनने किंवा छोट्या ऑपरेशनने मध्यभागी आणता येतं. वरच्या सुरासाठी वेगळी एक नस असते, तुमची अडचण तिच्यातली असू शकते. दुर्बिणीची तपासणी पुन्हा करून घ्या.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक ओळ: आवाज चार आठवडे बसलेला राहिला तर स्वरयंत्र बघून घ्यायलाच हवं. तंबाखू-बिडी असेल किंवा गळ्याला गाठ लागत असेल तर चार आठवडेही थांबू नका.

---

पेटीवाला_जळगाव

झोकाताई, आखाजीबद्दल मी बोलतो, मी गाणाऱ्यांना साथ करतो. यंदा गाऊ नका. झोक्यावर गाताना आवाज मोकळ्या अंगणात फेकावा लागतो, झोका वर गेला की श्वास तुटतो, आणि मागच्या बायांना सूर द्यायचा म्हणून पट्टी आपोआप चढते. ऑपरेशननंतरच्या स्वरतंतूला याहून वाईट काही नाही. गुणगुणायचं म्हणाल तर तेही थेरपिस्टला विचारून, मधल्या पट्टीत.

कुमार गंधर्वांना ऐन पंचविशीच्या आत क्षय झाला. देवासला ते काही वर्षं गाणं बंद ठेवून पडून होते. त्या वेळी घराच्या आसपास कानावर येणारी माळव्याची लोकगीतं ते ऐकत राहिले, आणि 1953 मध्ये पुन्हा मैफिलीत बसले तेव्हा त्यांच्या गाण्यात ती सगळी उतरली. आजार वेगळा होता, पण ऐकण्याचं काम बंद पडत नाही हे मला त्यातून नेहमी पटतं. माहेरी जा, झोक्यावर बसा, आणि पुढची फळी तयार करा. गाणं उचलायला एखादी भाची असेलच.

---

झोका_अमळनेर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवायला मुलाला सांगितलं. कुजबुजण्याचं ऐकून त्या लगेच म्हणाल्या, "मंग आते हातवारे करीसनच बोल." आमच्याकडे आता टाळीची खूण ठरलीय. एक टाळी म्हणजे इकडे ये. कूलरचं वाचून तर मी थबकले. मला सगळ्यात जास्त थकवा दुपारी यायचा आणि मी ते उन्हावर ढकलत होते.

आखाजीला माहेरी जाऊन आले. गायले नाही. चुलत बहिणीच्या मुलीने गाणी उचलली, शब्द विसरली की माझ्याकडे बघायची, मी ओठ हलवून दाखवायचे. आई एकदाच म्हणाली की तुझ्याशिवाय सुनं वाटलं, पण तिनेच आलेल्या बायांना माझ्याशी बोलू दिलं नाही.

परवा धुळ्याला तपासणी झाली. डॉक्टरांनी स्वरतंतू हलताना स्क्रीनवर दाखवले, जागा गुलाबी आणि सपाट आहे, अजून थोडी सूज आहे म्हणाले. स्ट्रॉचा व्यायाम सुरू झालाय. सकाळी आवाज बरा, संध्याकाळी खरखर.

आता शाळेचं. मुख्याध्यापकांशी बोलले, परिपाठ दुसऱ्या बाई घेतील. पण वर्ग एकाच शिक्षिकेचा, तो मलाच घ्यायचाय. पुकाराभाऊ, तो पट्ट्याचा स्पीकर पत्र्याच्या वर्गात चालेल का? शिट्टी-किणकिण होते असं ऐकलंय. आणि पोरांना गप्प कसं करायचं, मोठ्याने बोलल्याशिवाय?

---

पुकारा_चोपडा

चालेल. शिट्टी येते ती माइक स्पीकरच्या समोर आला की. स्पीकर कमरेला पुढे लावू नका, बाजूला किंवा मागे फिरवा, नाहीतर टेबलावर पोरांकडे तोंड करून ठेवा आणि तुम्ही त्याच्या मागे राहा. माइक ओठांच्या अगदी समोर नको, तोंडाच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. आवाज अर्ध्याच्या खाली ठेवूनच सुरू करा. पत्र्याखाली घुमतो, म्हणून जास्त वाढवला तर पोरांना शब्द कळत नाहीत आणि ती अजून गोंधळ करतात. आणि माइक आहे म्हणून जास्त वेळ बोलायचं नाही, हे थेरपिस्ट बाईंनी मला बजावून सांगितलं होतं. बॅटरी रोज रात्री चार्जिंगला लावा, लाइटचा भरवसा नसतो.

पोरांचं मला तुमच्याइतकं कळत नाही. यार्डात मी पुढचा ढीग सुरू करायच्या आधी फळीवर काठी दोनदा मारतो आणि थांबतो. सगळे गप्प झाल्याशिवाय बोली सुरूच करत नाही. सुरुवातीला वेळ गेला, आता काठी वाजली की माणसं आपसूक वळतात. तुम्ही डस्टर टेबलावर वाजवा, नाहीतर घंटी ठेवा. खडूची धूळ मात्र तोंडाजवळ उडू देऊ नका, ओल्या फडक्याने फळा पुसायला एखाद्या पोराला नेमा. पहिला आठवडा लिहून आणि चित्रं काढून जास्त शिकवा, आणि दर तासाला पाच-दहा मिनिटं पोरांनाच वाचायला लावा. जूनमध्ये कसं गेलं ते कळवा, आमच्या यार्डातल्या दुसऱ्या एकाला पुढच्या महिन्यात ऑपरेशनची तारीख मिळालीय, त्याला हा धागा दाखवणार आहे.